पैनगंगेपलीकडचं गाव

१९३७च्या जून महिन्यात परतूरला हैदराबाद संस्थानातल्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, पण तेव्हा आणि पुढे १९८१पर्यंत ते आमच्या परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. निजामाच्या राज्यातल्या मराठी माणसांनी आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नांवर एकत्र बसून बोलायचं, एवढाच तो कार्यक्रम. आज ऐकायला हे साधं वाटतं. एक ग्रुप काढला, लिंक पाठवली, झालं. पण तेव्हा एवढ्यासाठीसुद्धा सरकारदरबारी परवानगी काढावी लागायची.

या परवानगीमागे एक कागद होता. त्याचं नाव ‘गश्ती निशान ५३’. गश्ती म्हणजे परिपत्रक आणि निशान म्हणजे क्रमांक. १९२९ सालच्या या परिपत्रकानं संस्थानात आधी परवानगी काढल्याशिवाय जाहीर सभा घेण्यावर बंदी आणली. विधिमंडळात चर्चा होऊन झालेला हा कायदा नव्हता. वरून निघालेला हुकूम होता, आणि तो खालच्या अधिकाऱ्यानं आपल्याला समजेल तसा लावायचा होता. सभा कशाची, वक्ते कोण, विषय ‘राजकीय’ आहे की ‘सामाजिक’, हे सगळं त्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे माणसं काय बोलायचं याच्याइतकाच, ते कोणत्या नावाखाली बोलायचं याचाही विचार करत. वाचनालय, साहित्य, शिक्षण असे सोज्वळ शब्द पुढे करायचे आणि त्यांच्या आडून बोलायचं.

मी परभणीचा. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन आणि भाषणं ऐकत मोठा झालो. त्या भाषणांत रझाकार असतात, पोलिस ॲक्शन असते, स्वामी रामानंद तीर्थ असतात. गश्ती निशान ५३ मात्र क्वचितच असतं. मला वाटतं, आज हातात फोन घेऊन बसलेल्या आपल्या पिढीला त्या सगळ्या इतिहासातली सर्वांत ओळखीची गोष्ट हीच वाटेल. नियम कुणी केला माहीत नाही, नेमका अर्थ काय माहीत नाही, आणि लागू झाल्यावरच कळतं की तो होता.

नावातच खोट

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं. संघटना रीतसर उभी राहायच्या आधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. जी अजून जन्मालाच आली नाही ती संघटना बेकायदा ठरली. सरकारच्या आक्षेपांत ‘काँग्रेस’ या नावाचाही समावेश होता. पुढे वाटाघाटी झाल्या, त्यात नाव बदलण्याची भाषा वारंवार आली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि पहिल्या तुकडीचं नेतृत्व परतूरचे अध्यक्ष गोविंदराव नानल यांनीच केलं. ही बंदी उठायला १९४६ साल उजाडलं.

१९३८ सालीच विद्यार्थ्यांचं वंदे मातरम् आंदोलन झालं. वसतिगृहात हे गीत म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठानं मुलांना काढून टाकलं. काढलेली मुलं गेली कुठे? त्यांतली बरीच नागपूरला गेली. नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक.

वर्तमानपत्रांचीही हीच गोष्ट. आ. कृ. वाघमारे यांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढलं ते पुण्याहून, म्हणजे संस्थानाच्या बाहेरून. निजाम सरकारनं त्याला राज्यात बंदी केली. वाघमाऱ्यांनी नाव बदललं आणि अंक पुन्हा आत पाठवला. त्या नावावर बंदी आली, की आणखी नवं नाव. एक अकाउंट गेलं की दुसरं उघडायचं, ही युक्ती आपल्या पिढीची नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ही माणसं टिकली ती नुसत्या धैर्यावर नाही. त्यांना जायला जागा होती. तेव्हाच्या परभणी जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे निजामाचा अंमल आणि पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच, पण १८५३पासून कारभार इंग्रजांकडे. इंग्रज काही अभिव्यक्तीचे कैवारी नव्हते. त्यांनी टिळकांना १८९७ आणि १९०८ अशा दोन वेळा राजद्रोहाखाली तुरुंगात घातलं होतं. पण दोन सरकारं होती आणि दोघांच्या नियमांमध्ये फट होती. जे हैदराबादेत छापता येत नव्हतं ते पुण्यात छापता येत होतं. जो विद्यार्थी उस्मानियाला नको होता तो नागपूरला चालत होता. १९४७-४८ मध्ये लढ्याची केंद्रं उभी राहिली तीसुद्धा उमरखेड, बार्शी अशा सरहद्दीपलीकडच्या गावांत.

दडपशाहीची ताकद नुसत्या हुकमात नसते. हुकूम मोडणाऱ्याला पलीकडे गाव आहे की नाही, यावरही ती ठरते. ज्यांना पलीकडे जाता आलं नाही त्यांनी मोठी किंमत मोजली. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान हैदराबादेतच राहून रझाकारांविरुद्ध लिहीत होते. २२ ऑगस्ट १९४८ला त्यांचा खून झाला. संस्थान भारतात विलीन व्हायला तेव्हा महिनासुद्धा उरला नव्हता.

लाऊडस्पीकर कुणाचा?

स्वातंत्र्यानंतर सभा आणि छापखाने मोकळे झाले, पण आवाज लांब नेणारं यंत्र सरकारकडेच राहिलं. परभणीला आकाशवाणीचं केंद्र आहे. इथल्या कित्येक घरांत शेतीचा सल्ला, गाणी आणि बातम्या त्याच एका आवाजात आल्या. तो आवाज आपुलकीचा होता, पण एकच होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. तरीही खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. गाणी कितीही वाजवा, बातमी हवी तर आकाशवाणीचीच घ्या.

या पार्श्वभूमीवर फोन आला. ‘फ्री बेसिक्स’ या नावानं फेसबुकनं ठरावीक वेबसाइट फुकट द्यायचा बेत केला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं असे भेदभाव करणारे दर बंद केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ज्याला पेपरात पत्र छापून आणायला महिनोन् महिने लागायचे, तो मिनिटात हजार माणसांपर्यंत पोचू लागला. हे मोठंच स्वातंत्र्य होतं, आणि ते खोटं नव्हतं.

पण मालकीकडेही पाहू. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकनं जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घालून ९.९९ टक्के हिस्सा घेतला. जुलैमध्ये गूगलनं ३३,७३७ कोटी घालून ७.७३ टक्के. म्हणजे ज्या तारेतून बोलणं जातं, ज्या फोनप्रणालीवर ते उमटतं आणि ज्या ॲपमध्ये ते वाचलं जातं, त्या तिन्हींच्या मालकांचे हात एकमेकांत गुंतले.

पालघर आणि राईनपाडा

आपल्याकडे ऑनलाइन राजकीय बोलण्याचा कायदा घडला तो महाराष्ट्रातल्या एका घटनेतून. १७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीनं या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीनं त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ त्यांच्यावर लावलं गेलं. ‘त्रासदायक’ वाटणारा मजकूर पाठवणं हाच त्या कलमात गुन्हा होता. त्रास कुणाला आणि किती, याचं माप नव्हतं. गश्तीतला ‘राजकीय’ हा शब्द जितका मोघम, तितकाच हा.

श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ला ते कलम रद्द झालं. त्याच निकालानं आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी होते. कलम ७९खाली प्लॅटफॉर्मना वापरकर्त्यांच्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण आहे. ते कधी जातं? न्यायालयानं सांगितलं, की कुणीही तक्रार केली म्हणून कंपनीनं मजकूर काढणं बंधनकारक नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना आली, तरच तिच्यावर ती जबाबदारी येते. कायद्याच्या दृष्टीनं कोण चूक, कोण बरोबर, हे कंपनीनं ठरवू नये, असा त्यामागचा विचार.

पण कंपनीचे स्वतःचे नियम होतेच. ते कुणी रद्द केले नाहीत. ‘कम्युनिटी गाइडलाइन्स’ असं त्यांचं नाव. कम्युनिटी कोणती, हे मात्र आपल्याला कुणी विचारलेलं नाही.

हे नियम नकोतच, असं म्हणणाऱ्यांनी राईनपाडा आठवावा. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज फोनवर फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाच्या हाती सापडले. त्यांना मारहाण करत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ठार केलं. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर कितीही लिहिलं तरी ती खोली नजरेआड करता येत नाही. भटक्या माणसाला गावात आधीच कुणी ओळखत नसतं. त्याच्याबद्दलचा खोटा मेसेज त्याच्याआधी गावात पोचतो, आणि खुलासा करायला त्याच्याकडे ग्रुप नसतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. निर्णय बहुधा योग्यच होता. पण तो घेतला कुणी? विधानसभेनं नाही, संसदेनं नाही, न्यायालयानंही नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं एक आकडा बदलला आणि कोट्यवधी भारतीयांच्या बोलण्याची रीत एका फटक्यात बदलली. योग्य कामासाठी वापरलेली ही ताकद उद्या दुसऱ्याही कामासाठी वापरता येते.

धंद्याचं गणित मॉडरेशनमध्ये कसं शिरतं, याची झलक ऑगस्ट २०२० मध्ये मिळाली. फेसबुकच्या भारतातल्या धोरण प्रमुखांनी तेलंगणातल्या भाजपच्या एका आमदाराला द्वेषपूर्ण मजकुराचे नियम लावायला विरोध केला आणि त्यासाठी कंपनीच्या भारतातल्या धंद्याचं कारण दिलं, अशी बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं दिली. कंपनीनं पक्षपाताचा आरोप नाकारला. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या आमदारावर बंदी घातली गेली.

दोन दरबार

म्हणजे आज आपल्या बोलण्यावर दोन दरबार बसलेत. एक सरकारचा, एक कंपनीचा.

सरकारच्या हातात कलम ६९अ आहे. त्याखाली मजकूर अडवता येतो आणि २००९च्या नियमांनुसार तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवली जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी ट्विटरवरची शेकडो खाती अडवली, सोडली, पुन्हा अडवली गेली. २०२३ साली केंद्रानं नियम बदलून स्वतःबद्दलचा मजकूर खोटा की खरा हे ठरवणारं ‘फॅक्ट चेक युनिट’ आणायचं ठरवलं. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला. उलट बाजूनं, सरकारच्या ‘सहयोग’ पोर्टलविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. ही कुस्ती चालू आहे. निदान ती उघड्यावर चालू आहे. न्यायालय आहे, निकालपत्र आहे, न्यायमूर्तींची नावं आहेत.

दुसऱ्या दरबारात हे काहीच नसतं. मागे एकदा मी मुक्तिसंग्रामाबद्दल एक लांब पोस्ट लिहिली होती, त्यात रझाकारांच्या अत्याचाराचं एक वर्णन होतं. एका ॲपनं ती काढून टाकली. ‘तुमचा मजकूर आमच्या नियमांत बसत नाही’, एवढंच वाक्य आलं. कोणता नियम, कोणतं वाक्य, कुणी वाचलं, मराठी येणाऱ्यानं वाचलं का, काही नाही. मी ‘फेरविचार करा’ हे बटण दाबलं. चार दिवसांनी तेच वाक्य पुन्हा आलं. निजामाच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याकडे निदान अर्ज घेऊन जाता येत होतं. तो नाही म्हणायचा, पण त्याला चेहरा होता, कचेरीला दार होतं.

याहून गंभीर नुकसान पुराव्यांचं होतं. २०१७ साली यूट्यूबच्या यंत्रणेनं सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ हिंसक म्हणून काढले. त्यांतले कित्येक अत्याचारांचे पुरावे होते. हे लांबचं वाटत असेल तर परभणीकडे या. १० डिसेंबर २०२४ला रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये हिंसाचार झाला, अटका झाल्या. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं या प्रकरणी गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. असे दिवस येतात तेव्हा शहरातला प्रत्येक फोन साक्षीदार असतो, आणि त्याच फोनवर अफवासुद्धा येते. कोणती साक्ष आणि कोणती अफवा, हे पहिल्या काही तासांत कुठलंसं यंत्र ठरवतं, ज्याला ना परभणी माहीत, ना संविधानाच्या त्या प्रतिकृतीचा इथल्या माणसांच्या लेखी असलेला अर्थ.

पलीकडे गावच नाही

मग सोडून द्या की ते ॲप! हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. आणि इथेच बाजारपेठेच्या ताकदीचा प्रश्न येतो. एरवी तो शेअर बाजारवाल्यांचा वाटतो, पण तो बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच प्रश्न आहे.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं नवं प्रायव्हसी धोरण आणलं आणि ते मान्य करा, नाहीतर सेवा विसरा, असं सांगितलं. टीका झाली, मुदत वाढली. किती लोक खरोखर सोडून गेले? सिग्नल, टेलिग्राम डाउनलोड केले, दोन दिवस चाळले आणि परत आलो. कारण शाळेचा ग्रुप तिथे, सोसायटीचा तिथे, कापसाचे भाव तिथे, मावशी तिथे. भारतीय स्पर्धा आयोगानं १८ नोव्हेंबर २०२४ला नेमकं हेच पकडलं. या बाजारात व्हॉट्सॲपचं वर्चस्व आहे, त्यामुळे वापरकर्त्याच्या संमतीला अर्थ उरत नाही, असं ठरवून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, जाहिरातींसाठी डेटा वापरण्यावरची पाच वर्षांची बंदी मात्र काढली. गूगललाही आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी १,३३७.७६ कोटींचा दंड केला होता.

दंड मोठा दिसतो, पण दंडानं पलीकडे गाव उभं राहत नाही. वाघमाऱ्यांचा अंक पुण्याहून येत होता कारण पुणं निजामाचं नव्हतं. आज फेसबुकवरून निघालेला इन्स्टाग्रामवर जातो, तिथून व्हॉट्सॲपवर. तिन्ही गावं एकाच पाटलाची. टिकटॉक जून २०२०च्या बंदीत गेलं, तेव्हा खेड्यापाड्यातल्या पोरापोरींनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. ते बरोबर नेता आले नाहीत. नव्या ॲपवर शून्यापासून सुरुवात. पाटी कोरी, आणि ज्यांना परत उभं राहणं जमलं नाही ते गप्प झाले.

हे असंच असायला हवं का? नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच खिशात आहे. जिओवरून एअरटेलला फोन लागतो. जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. फोनपेवरून गूगल पेवर पैसे जातात. हे कंपन्यांच्या उदारपणामुळे झालं नाही, तसा नियम केला म्हणून झालं. मग एका मेसेजिंग ॲपवरून दुसऱ्यावर निरोप का जाऊ नये? युरोपनं डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली मार्च २०२४पासून मोठ्या मेसेजिंग ॲपना ही सक्ती केली आहे. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. चर्चा तिथे व्हायला हवी, आणि ती फक्त दिल्लीतल्या वकिलांनी करून भागणार नाही.

तोवर हातात आहे ते वापरू. २०२१च्या आयटी नियमांनुसार मोठ्या प्लॅटफॉर्मनं स्वतःहून मजकूर काढला, तर कारण कळवायला आणि बाजू मांडायची संधी द्यायला हवी. प्रत्येकाचा तक्रार अधिकारी असतो. त्यानं २४ तासांत पोच आणि ठरावीक मुदतीत निकाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर ३० दिवसांत सरकारनं २०२३ साली नेमलेल्या तक्रार अपील समित्यांकडे ऑनलाइन जाता येतं. या समित्या सरकारनंच नेमलेल्या, त्यामुळे सरकारविरुद्धच्या मजकुराबद्दल शंका ठेवायला जागा आहे. पण प्रत्येक अर्ज ही एक नोंद असते. आज गश्ती निशान ५३बद्दल आपण बोलू शकतो, कारण त्याविरुद्ध माणसांनी अर्ज केले, ठराव केले, आणि ते कागद जपले.

म्हणून लिहिलेलं एकाच ॲपमध्ये ठेवू नका. आपला डेटा मधूनमधून उतरवून घ्या. काढलेल्या पोस्टची नोटीस जपा, तारखेसकट. गावातला प्रसंग चित्रित केला असेल तर मूळ फाइल ठेवा, फॉरवर्ड केलेली नव्हे. कुणाच्या जिवावर बेतेल असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी राईनपाड्याची ती खोली आठवा. आणि ‘आमच्या नियमांत बसत नाही’ असं कुणी सांगितलं, की आवाज न चढवता एवढंच विचारत राहा: नियम कोणता, केला कुणी, आणि मी दाद मागायची कुठे?